जावयाची गोधडी

आंदर मावळ,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

सौ. भागुबाई विहीणबाईंना कस्तुराबाईचा नमस्कार.

बारशाची तारीख कळवा, असा तुमचा निरोप जावयांनी सांगितला. फोन का करत नाही, असंही तुम्ही विचारलंत. आमच्या घरात रेंज येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. टेकडीवर चढून बोलावं तर गुराखी आणि सरपणाला आलेल्या बाया कान लावून बसतात. घरातलं दुखणं टेकडीवरून ओरडून सांगायची मला हौस नाही. जावई सोमवारी संध्याकाळी येतात, मंगळवारची सुट्टी काढून बुधवारी सकाळी निघतात. त्यांच्याच हाती पत्र देत जाईन. तुम्हीही तसंच करा.

तर बारसं जरा पुढे ढकलावं म्हणते. नात सुखरूप आहे, दूध चांगलं पिते, पण अंगावर बारीक दाणे उठलेत. तळहातांवर आणि तळपायांवर जास्त. झोपेतून किंचाळून उठते. अनितालाही खाज आहे, पण ती पोट ताणलं तेव्हापासूनच आहे.

हे कुठून आलं, ते मी शोधून काढलंय. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायला वरच्या ठाकरवाडीतली गंगी येत होती. हात चांगला म्हणून मीच बोलावली होती. पण दहा घरची अंगं रगडणारा हात तो, काय काय घेऊन फिरत असेल! सोमवारी तिला दारातूनच परत लावली. एवढ्यावर थांबले नाही. हापशावर चार बायांदेखत सांगितलं की, बायांनो, आपापली लेकरं जपा. आता बाळाला मीच तेल लावते.

आठ-दहा दिवसांत अंग निवळेल. मग तारीख धरू.

आपली,
कस्तुराबाई


पवनानगर,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

कस्तुराबाई विहीणबाई, स. न. वि. वि.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. लेकराला दृष्ट लागली असेल, मीठ-मोहरी उतरवून टाका. त्या बाईला काढलंत ते उत्तम केलंत. बाहेरच्या माणसाचा काय भरवसा!

पण बारसं लांबवू नका हो. इथे सगळ्यांना सांगून बसलेय. संदेशचे मामा कामावर रजा टाकून बसलेत. माणसं विचारतात, सून कधी येणार? मी काय सांगू? राग मानू नका, पण अनिताच्याच मनात परत यायचं नाही असं काही आहे का? असेल तर मोकळेपणानं लिहा. आमच्याकडून काही कमी पडलं असेल तर भरून काढू.

सोबत तिळाचे लाडू आणि बाळाला हलव्याचे दागिने पाठवतेय. आणि एक सांगायचं राहिलं. आज भोगी. संदेश पोचेल तेव्हा तुमच्याकडे भोगीची भाजी झालेली असेल. त्याच्या ताटात वांग्याची फोड येऊ देऊ नका. त्याला उष्णता होते, वांगं सोसत नाही. लहानपणापासूनच तसं आहे.

तुमची,
भागुबाई


आंदर मावळ,
बुधवार, २२ जानेवारी २०२५

विहीणबाई, नमस्कार.

अनिता यायला एका पायावर तयार आहे. तिच्या मनाबद्दल शंका घेतलीत ते मला झोंबलं. पण ते असू दे. आता जे लिहितेय ते वाचा आणि पत्र चुलीत टाका.

बाळाला खरूज आहे. बाळाला, अनिताला आणि आम्हा सगळ्यांनाच. आमच्या घरात असलं कधी झालं नव्हतं.

उपकेंद्रावर माधवी नावाची नवी सिस्टर आली आहे. सोमाटण्याची मुलगी आहे, वय असेल पंचवीस. गेल्या गुरुवारी ती लसीचं विचारायला म्हणून आली आणि बाळाची मूठ उघडून बघितली. मग माझी बोटं बघितली. मी पदराआड धरली होती, तरी बघितली. म्हणाली, "मावशी, लाजायचं काही नाही. कातडीत घर करणारा बारीक किडा आहे तो. अंगाला अंग लागलं की दुसऱ्याकडे जातो. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. एक माणूस जरी राहिलं तरी सगळ्यांची मेहनत वाया."

घरात माणसं किती, असं तिनं विचारलं. मी मोजून सांगितली. आमचे सासरे अंबाजी आबा, हे, मी, आमचा पप्पू, अनिता आणि बाळ. सहा. तिनं मोठ्यांसाठी बाटल्या दिल्या आणि बाळासाठी वेगळं, गंधकाचं मलम. संध्याकाळी मानेपासून पायाच्या नखापर्यंत लावायचं, बोटांच्या बेचक्या, बेंबी, काही सोडायचं नाही आणि सकाळी अंघोळ करायची. आबांना तयार करता करता माझ्या नाकी नऊ आले. "ऐंशी वर्सं न्हाई लावलं, आता कशाला?" म्हणत होते. शेवटी ह्यांनी धरून लावलं. अंथरूण-पांघरूण, लुगडी, दुपटी, सगळं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घातलं. उद्या दुसऱ्यांदा लावायचं आहे.

फक्त जावयांची गोधडी तेवढी वाचवली. माझ्या आईच्या इरकली लुगड्यांची आहे ती, उकळली तर रंग जाईल. आणि ती घरातलं कुणी पांघरतच नाही. जावई आले की पेटीतून काढायची, गेले की घडी करून परत पेटीत. काल जावई तिच्यातच बाळाला कुशीत घेऊन झोपले होते. बाप-लेकीला बघून बरं वाटलं.

सिस्टर गंगीच्या झोपडीतही जाऊन आली. म्हणते, तिच्या अंगावर काहीच नाही. कोवळी पोर आहे ती सिस्टर, तिला काय कळतंय!

कस्तुराबाई


पवनानगर,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

विहीणबाई, नमस्कार.

पत्र वाचून लगेच जाळलं. मी कुणाला बोलणार नाही, निर्धास्त असा.

पण एवढ्याशा जिवाला बाटलीतलं काही लावू नका हो. कातडी करपेल. करंजाचं तेल पाठवतेय, ते कोमट करून लावा. आमच्याकडे घरात कुणाला काही झालं तर मी तेच लावते आणि गुण येतो.

आणि सिस्टरला आमच्या घराबद्दल काही सांगायची गरज नाही. या सरकारी मुली वहीत नाव लिहून घेतात, मग ते कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. आमचा संदेश धरणाकाठच्या तंबूंच्या कॅम्पवर कामाला, तिथे मुंबई-पुण्याची माणसं उतरतात. उगाच कशाला?

अनिताला सांगा, सासू आठवण काढते.

भागुबाई


तळेगाव, दवाखाना,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सकाळ

भागुबाई,

बाळाला काल इथे भरती केलंय. ताप उतरत नाही. तळहात, तळपाय आणि काखा पुवानं भरल्यात. मुठी कापडात गुंडाळून ठेवल्यात आणि पायाला सुई लावली आहे. डॉक्टर म्हणाले, खाजेच्या जखमांत जंतू शिरलेत. ते रक्तात गेले तर अवघड, पुढे मूत्रपिंडावरही जाऊ शकतात. सात आठवड्यांचं लेकरू आहे, भागुबाई. रडायलाही आवाज उरलेला नाही.

इथे रेंज आहे. सकाळपासून तुम्हाला तीनदा फोन लावला, तुम्ही उचलला नाही. जावयांनी उचलला. "मामी, मला उष्णता हाय," एवढंच म्हणाले आणि ठेवला. मी त्यांना उष्णतेचं विचारलंच नव्हतं. बाळाला भरती केलंय, एवढंच सांगितलं होतं.

दोनदा औषध लावून सगळ्यांची खाज गेली होती. मंगळवारनंतर पुन्हा सुरू झाली. माधवी सिस्टर काल रात्रीची बस चुकवून इथे थांबली. ती म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. घरात माणसं किती, असं मी विचारलं. घरात झोपतं कोण, असं विचारायला हवं होतं." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जावयाला कोण घरात मोजतं? तो पाहुणा. त्याला कपडे काढून औषध लाव म्हणायची माझी काय टाप! आणि त्याची गोधडी दर आठवड्याला मीच घडी करून जपून ठेवत होते.

तेवढ्यात अनिता रडायला लागली. म्हणाली, "आये, त्यांच्या बेचक्यांत दिवाळीपास्नं हाय. माज्या आदी त्यांना हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हायेरात त्यांना कमीपना आला असता."

तिच्या तोंडात मारायला हात उचलला होता. मग वाटलं, हे मीच शिकवलंय तिला.

आता मुलीच्या आईनं विचारू नये ते मी विचारते. तुमच्या मुलाला खरूज आहे ना? तुमच्या घरात आणखी कुणाला आहे? वांगं का नको होतं? पप्पूला मोटारसायकलवर पाठवलंय. तो उत्तर घेतल्याशिवाय तुमच्या दारातून हलणार नाही.

कस्तुराबाई


पवनानगर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५, दुपार

कस्तुराबाई,

पप्पू ओट्यावर बसलाय, पाणीसुद्धा घेत नाही. मी आत बसून लिहितेय.

हो. आहे.

दिवाळीच्या आधीपासून. कॅम्पवर तंबूतली पांघरुणं गोळा करायची, झटकायची, घड्या घालायच्या, हे त्याचं काम. शनिवार-रविवारी शंभर माणसं उतरतात, पांघरुणं तीच. तिथूनच आली. तिथल्या दोन पोरांची बोटं बघून मालकानं त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हापासून संदेश पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. धरणाकाठी शेती होती ती कधीच पाण्याखाली गेली. हे काम गेलं तर तो करणार काय, म्हणून मी गप्प बसले. करंजाचं तेल लावत राहिले. मला आहे, त्याच्या वडिलांना आहे. अनिताला बाळंतपणाला माहेरी पाठवलं तेव्हाही होती.

तुम्ही गंगीचं नाव लिहिलंत तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

फोन उचलला नाही, कारण तुमचा आवाज ऐकून खोटं बोलणं मला जमलं नसतं. कागदावर जमत होतं.

आता सांगाल ते करते. आम्ही तिघं उद्याच सरकारी दवाखान्यात जातो. औषध कोणत्या दिवशी लावायचं ते कळवा, दोन्ही घरं एकाच दिवशी लावू. संदेशला मी स्वतः लावीन, लहानपणी लावत होते तसं. फक्त एवढं करा, त्याचं नाव बाहेर जाऊ देऊ नका.

बाळाचं रोज कळवा. देवाशपथ, रोज कळवा.

भागुबाई


आंदर मावळ,
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई, नमस्कार.

फोनवर बाळाचं कळत होतंच. तरी लिहिते, कारण पुढचं फोनवर बोलण्यासारखं नाही. बाळ छान आहे. जखमा सुकल्या, काल पहिल्यांदा सलग चार तास झोपलं. सहा आणि तेरा तारखेला दोन्ही घरांनी औषध लावलं, तेव्हापासून कुणाच्याही अंगावर नवा दाणा नाही. गोधडी मी स्वतः उकळली. रंग गेलाच.

आता गंगीचं. परवा सिस्टर म्हणाली, "गंगीला खाज सुरू झाली, मावशी." मला पटेना. तिला काढून दीड महिना झाला. सिस्टरनं समजावलं की पहिल्यांदा ही लागली की महिना-दीड महिना काही दिसतच नाही. म्हणजे गंगी तेल लावायला येत होती तेव्हा तिला ती आमच्या बाळाकडून लागली. उलटं नव्हतंच काही.

मी बाटली घेऊन तिच्याकडे गेले. तिला नवरा नाही, मूलबाळ नाही, एकटी राहते. पाठीला लावायला कुणी नाही, म्हणून मी लावते म्हटलं. तिनं पाठ केली आणि लावून घेतलं. पाच घरची तेल लावायची कामं गेली तिची, माझ्या एका बोलण्यानं. आता भात झोडून झालेत, मजुरीही नाही. मी म्हटलं, "गंगे, माजं चुकलं." तेव्हा ती वळली.

"तवा हापशावर वरडून सांगितलं तुमी. आन् आता हितं झोपडीत येऊन हळू बोलताय व्हय?"

मी रिकामी बाटली उचलून खाली आले.

तर विहीणबाई, मला हापशावर जावं लागणार आहे. आणि तिथे गेले की कुणीतरी विचारणारच, मग तुमच्या घरात कुठून आली? तुम्हाला फोनवर दिलेला शब्द मला मोडायचा नाही आणि गंगीला तसंच टाकून मला भाकरी गोड लागत नाही. तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?

कस्तुराबाई


पवनानगर,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

चार दिवस कागद समोर घेऊन बसतेय.

गंगीला सांगा, माझ्याकडून लुगडं देते, धान्य देते, वर्षभर लागेल ते देते. पण हापशावर जाऊ नका. मी हात जोडते. तुमच्या इथून कामशेतला रोज जीप जाते, कामशेतहून आमच्याकडे येते. तिथे बोललेलं चार दिवसांत मालकाच्या कानावर येईल. दवाखान्यातून बरा झालाय, हे कोण ऐकून घेणार? खरूजवाला पोरगा, एवढंच राहील.

जायचंच असेल तर सांगा की दवाखान्यातून लागली. किंवा कुत्र्याकडून. काहीही सांगा. गंगी सुटेल आणि माझा मुलगाही सुटेल.

तुम्ही आई आहात, तुम्हाला कळेल.

भागुबाई


आंदर मावळ,
मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

भागुबाई, नमस्कार.

तुमचं पत्र काल संध्याकाळी माझ्या हातात आलं ते उघडंच होतं. जावयांनी वाटेत वाचलं होतं. माझ्याकडे दिलं. जेवले आणि बाळाला घेऊन बसले.

मी ठरवलं होतं की तुमचा शब्द पाळायचा आणि खोटंही बोलायचं नाही. आज सकाळी हंडा घेऊन गेले. सात-आठ बाया होत्या, गंगीही एका बाजूला उभी होती. तिला आता कुणी पुढे पाणी भरू देत नाहीत. मी म्हटलं, "बायांनो, मी गंगीचं नाव घेतलं हुतं ते खोटं निघालं. खरूज माज्या घरात हुती. माज्या घरातनं तिला लागली."

दोघी-तिघींनी आपली भांडी जरा लांब सरकवली, ते मला दिसलं. मग पलीकडच्या आळीतली मंगल म्हणाली, "मग तुमच्या घरात कुटनं आली, ते बी सांगा की, काकी."

मी तोंड उघडलं खरं. काय बोलणार होते, ते मलाच ठाऊक नाही. कुत्रं म्हणणार होते का? देवाला ठाऊक.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मामी, ऱ्हाऊ द्या. मी आनली."

संदेश होता. कडेवर बाळ, अंगात अर्ध्या बाह्यांचा बनियन. दोन्ही हात सगळ्यांना दिसत होते, डाग अजून आहेत त्यांच्यावर. म्हणाला, "मला दिवाळीपास्नं हुती. बायकोला दिली, पोरीला दिली. ह्या गंगीमावशीला बी माज्यामुळंच. मी दर आटवड्याला हितं जेवून जायचो आन् मावशी उपाशी ऱ्हायची, हे मला ठाव न्हवतं. काल आईचं पत्र वाचलं तवा कळलं."

गंगीनं हंडा खाली ठेवला. त्याच्याकडे बघत म्हणाली, "एवडं बोलायला दोन म्हैनं लागलं व्हय, पाव्हनं?" मग बायांनी तिला वाट दिली. तिनं पाणी भरलं आणि चढणीला लागली. दुपारी पाटलांच्या सुनेनं तिला तेल लावायला बोलावणं धाडलं. आमच्याकडे ती येणार नाही, आणि मी बोलवायला जाणार नाही. तेवढं तरी मला कळतं.

आणखी एक गोष्ट झाली. मंगल संध्याकाळी उपकेंद्रावर गेली. तिच्या तिन्ही लेकरांना आहे, पोळ्यापासून. सिस्टर म्हणते, अंधार पडायच्या आत आणखी चार घरची माणसं येऊन गेली.

हे पत्र त्याच्याच हाती देतेय. उद्या कॅम्पवर कामाला हात लावायच्या आधी मालकाला सगळं सांगणार आहे, म्हणतो. पांघरुणं उकळायला लावतो नाहीतर काम सोडतो, म्हणतो. काम बहुतेक जाईल, भागुबाई. तुम्ही भीत होतात तसंच होईल, आणि त्याला मी कारण झाले. त्याबद्दल मला जे बोलायचं असेल ते बोला, मी ऐकून घेईन.

पण आज मी पहिल्यांदा त्याला घरातला म्हणून मोजला. तुमचं पोर फार चांगलं आहे. मला आधी कळलं नव्हतं, जावई म्हणून नुसतं वाढत होते.

दिवसभर घास खाल्लेला नाही त्यानं. घरी पोचला की काही विचारू नका. आधी जेवायला वाढा.

कस्तुराबाई